तामोरेबाईंचा पाचवा रकाना

तामोरेबाई कोणाचाही चहा सरळ पीत नसत. आधी वास घ्यायच्या, मग कप कलता करून तळ बघायच्या आणि मगच ओठांना लावायच्या. मी बोईसरच्या त्या ऑफिसात रुजू झाले, तेव्हा माझ्या बाबतीतही त्यांनी तेच केलं. नाव विचारलं, आडनाव विचारलं, पालघरला कुठे राहतेस ते विचारलं आणि माझ्यासमोरच तिथल्या एका ओळखीच्या बाईंना फोन लावून खातरजमा करून घेतली. फोन ठेवून म्हणाल्या, "रागवू नकोस, रेश्मा. वरून सगळंच चांगलं दिसतं."

बाई समुद्रकाठच्या मुरबे गावच्या. लहानपणी आईबरोबर मनोरच्या बाजारात मासळी विकायला जायच्या. "टोपलीत वर आजची, खाली कालची. आमीच रचायचो, मला काय शिकवतंस?" असं त्या अभिमानाने सांगायच्या. पुढे शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि कॉपी करणारी मुलं नुसत्या मानेवरून ओळखली. असा माणूस निवृत्तीनंतर स्वस्थ बसला असता, तरच नवल.

आमचं ऑफिस म्हणजे औषधांच्या दुकानावरची एक लांबट खोली. खिडकी उघडली की कारखान्यांचा आंबूस वास आत यायचा, बंद केली की जीव गुदमरायचा. अमेरिकेतल्या लोकांना कोणीतरी फोनवर विचारलेलं असे, की इस्रायली आणि पॅलेस्टिनी यांच्यात तुमची सहानुभूती कोणाला आणि का? त्यांची उत्तरं टाइप होऊन आमच्याकडे यायची. आम्ही ती वाचून पाचांपैकी एका रकान्यात टाकायची: इस्रायली, पॅलेस्टिनी, दोघेही, कोणीच नाही, सांगता येत नाही. प्रत्येक उत्तर दोघींनी वाचायचं, एकमेकींना न दाखवता. दोघींचं जुळलं तर उत्तर पास. माझी जोडी बाईंबरोबर होती.

त्या लोकांचं बोलणं वाचताना गंमत वाटे आणि भीतीही. कोणी म्हणे, देवाने जमीन ज्यांना दिली, त्यांची. कोणी म्हणे, या विषयावर मी आणि माझा मुलगा एका टेबलावर जेवत नाही. एका म्हातारीने फक्त "दोन्हीकडच्या आया" एवढंच म्हटलं होतं. बाई प्रत्येक ओळ उलटीपालटी करून बघायच्या. "हा खरं बोलतोय, की विचारणाऱ्याला बरं वाटावं म्हणून?" आमचे मॅनेजर कपाळाला हात लावायचे. "मॅडम, आपको जज नहीं बनना है, टिक करना है."

मला मात्र कायम व्हायचं होतं. सहा महिन्यांची मुदत संपत आली होती आणि आमच्या जोडीची उत्तरं जुळत नव्हती. बाई कॉम्प्युटरवर विश्वास नसल्यामुळे आधी सगळं वहीत लिहीत. त्या हात धुवायला गेल्या, की मी त्यांनी वहीवर ठेवलेलं डब्याचं झाकण अलगद बाजूला करायची आणि तेच रकाने भरायची. वाचण्याचे कष्ट वाचले, जुळणीही झाली. मॅनेजर खूश, मी खूश.

एका दुपारी बाईंनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. "ही ओळ मला मोठ्यानं वाचून दाखव."

मी वाचलं, "ज्यांचं घर गेलं, त्यांच्या बाजूने मी आहे."

"आता सांग, ह्यात 'कोणीच नाही' कुटं हाय?"

मी तोच रकाना भरला होता, कारण वहीत तोच होता. बाईंनी मुद्दाम चुकीचं लिहून ठेवलं होतं. काहीतरी बोलावं म्हणून मी पुटपुटले, "पॅलेस्टिनी लिहायला हवं होतं."

"घर दोन्हीकडं जाळलं गेलंय. कोणाचं घर, ते ह्यानं सांगितलं काय? नाय सांगितलं. मग पाचवा रकाना, सांगता येत नाही."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला सगळी उत्तरं पुन्हा वाचायला लावली. शेजारी बसून, एकेक ओळ. त्यातच एकदा त्यांनी आपल्या नवऱ्याचं सांगितलं. गावाजवळ होणाऱ्या बंदराबद्दल मत विचारायला एक माणूस आला होता. नवरा म्हणाला, "दर्या हाय तवर आमी हाय." त्या माणसाने मान डोलावली आणि कागदावर लिहिलं, विरोध नाही. "कागद मी नंतर बगितला. तोवर हे गेले होते. सांगायला येणार कोण?" एवढं बोलून त्या पुढच्या ओळीवर गेल्या.

मी ऐकत होते, पण माझं मन दुसरीकडे होतं. बाईंनी मॅनेजरना सांगितलं असेल का? आज नाही तर उद्या सांगतील? त्या केबिनकडे वळल्या की मला धडकी भरे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! काम तर चार दिवस तुंबलं होतं आणि मॅनेजर चिडले होते. पाचव्या दिवशी मीच केबिनमध्ये गेले. म्हटलं, "सर, बाई प्रत्येक उत्तरावर संशय घेतात. त्यामुळे उशीर होतोय." त्यातला एकेक शब्द खरा होता.

महिनाअखेरीस बाईंना उद्यापासून येऊ नका, असं सांगण्यात आलं. मी कायम झाले. पत्र देताना मॅनेजर म्हणाले, "तामोरे मॅडम बोल रही थीं, लड़की अब ध्यान से पढ़ती है, रख लीजिए." कॉपीबद्दल त्या अवाक्षरही बोलल्या नव्हत्या. मला त्या दिवशी स्वतःची विलक्षण शरम वाटली.

दोन महिन्यांनी पेढे घेऊन मुरब्याला गेले. केबिनमध्ये मी काय बोलले, ते सगळं सांगायचं ठरवूनच गेले होते. बाई अंगणात जावेबरोबर बोंबील वाळत घालत होत्या. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. "काय म्हणतात तुझे अमेरिकावाले?"

"पाचव्या रकान्यात बरेच जण असतात आता."

"असूदे. न कळलेलं न कळलेलंच लिहावं."

मी पेढ्यांचा खोका पुढे केला. बाईंनी तो घेतला आणि तसाच फडताळात ठेवायला निघाल्या. जाऊ हसली. "आज वास नाय घेतला?"

"रेश्मानं आणलंय," बाई म्हणाल्या. "तिचं काय बगायचं?"

"बाई, वरून सगळंच चांगलं दिसतं. एकदा उघडून बघा ना," मी म्हणाले. माझा आवाज मलाच चमत्कारिक वाटला.

त्यांनी हसून फडताळ लावलं आणि माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेल्या. चहा आला. मी तो मान खाली घालून प्याले आणि परतीची रिक्षा पकडली.