कारगिल नव्हे, इन्व्हरकार्गिल

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. फ्रीजवरच्या मॅग्नेटसारखे ते आपोआप साठतात आणि चार मराठी डोकी जमली की एकेक निघतो. आमचे बहुतेक पहिल्याच वर्षातले, कारण त्या वर्षी आम्हाला इथलं काही म्हणजे काही कळत नव्हतं.

२०१४ साली मला न्यूझीलंडच्या पार दक्षिण टोकाला, इन्व्हरकार्गिलला, पुलांचं डिझाइन करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात नोकरी लागली. आईने कोथरूडच्या सोसायटीत ही बातमी सांगताना घाईत अर्धंच नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड कर्नलसाहेब पेढे घेऊन हजर! बत्तिसाव्या वर्षी सैन्यात कसं घेतलं, म्हणून विचारत होते. तू काय सांगितलंस, असं मी आईला फोनवर विचारलं.

"मी काय सांगणार? पेढे घेतले," आई म्हणाली.

*

गाव एके काळी चांगलं श्रीमंत असणार. रस्ते एवढे रुंद की ओलांडताना मध्येच विचार बदलता येतो. दगडी इमारती देखण्या, पण निम्म्या दुकानांना टाळं. शेजारच्या जोनबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, जन्म इथलाच. त्यांनी माझ्या बायकोला, अनघाला, पोस्टाचा रस्ता सांगितला. कापडाच्या दुकानापाशी डावीकडे, मग बेकरी, मग चपलांच्या दुकानासमोर. अनघा त्या बोचऱ्या वाऱ्यात तासभर फिरली. तिन्ही दुकानं बंद होऊन वीस वर्षं झाली होती!

घरी येऊन तिने कोटही न काढता जाहीर केलं, "एक वर्ष. तोवर इथे एकही माणूस आपलं वाटलं नाही, तर मी पुण्याला परत जाणार. तू यायचं की नाही, ते तू ठरव."

ती थट्टा करत नव्हती.

*

आमचा मित्र शिरीष नागपूरहून शिकायला आला आणि इथेच राहिला. तो एका डेअरीत काम करायचा. इकडे डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं दूध-पाव-पेपरचं दुकान, पण हे मुलीकडच्यांना कुठून माहीत असणार? व्हिडिओ कॉलवर भावी सासऱ्यांनी कौतुकाने विचारलं, जनावरं किती आहेत. शिरीषने काउंटरवर झोपलेल्या मांजराकडे पाहिलं आणि खरं ते सांगितलं.

"एकच. तेही मालकाचं आहे."

स्थळ मोडलं.

*

अनघाने माणसं जोडायचा प्रयत्न केला नाही असं नाही. तिने जोनबाईंना आणि त्यांच्या नवऱ्याला, केनना, रविवारी संध्याकाळी सहाला 'टी'साठी बोलावलं. आलं घालून चहा, चिवडा, बिस्किटं असा थाट होता. चहा संपला, सात वाजले, तरी दोघं जागचे हलेनात. यांना घरदार नाही का, असं अनघा मला आत येऊन विचारून गेली. शेवटी केननी अगदी अदबीने विचारलं, ओव्हनमधून काही जड उचलायचं असेल तर मदत करू का. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. इथे 'टी' म्हणजे रात्रीचं जेवण!

अनघाने धावपळ करून कुकर लावला. पहिल्या शिट्टीला केन दचकून उभेच राहिले. दोघांनी खिचडी मागून मागून खाल्ली, पण ते गेल्यावर अनघा रडली. साधं चहाला बोलावणंसुद्धा मला इथे जमत नाही, म्हणाली. मला फार वाईट वाटलं.

*

वर्ष संपायला तीन आठवडे उरले. अनघाचं मन काही बदललेलं दिसेना, आणि तिला एकटीला पाठवायचं नाही हे माझं ठरलं होतं. मी दोघांची तिकिटं बघायला लागलो.

शनिवारी सकाळी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होतो. कुंपणापलीकडून जोनबाईंनी अनघाला हाक मारली. आता, या भागात समुद्रकाठच्या सुट्टीतल्या छोट्या घराला 'क्रिब' म्हणतात. मला हे ऑफिसात कळलं होतं. अनघाला क्रिब म्हणजे बाळाचा पाळणा, एवढंच ठाऊक.

"आमचा क्रिब नुसता पडून आहे गं," जोनबाई म्हणाल्या. "पोरं मोठी झाली, आता कोण वापरतंय? तुम्ही दोघं वापरा."

अनघा पांढरीफटक पडली.

"तुम्हाला कसं कळलं?" ती हळूच म्हणाली. "मी अजून ह्यालासुद्धा सांगितलं नाहीये."

माझ्या हातातला ओला टॉवेल हातातच राहिला. जोनबाईंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग एप्रनच्या खिशातून किल्ली काढून तिच्या हातात ठेवली आणि तो हात तसाच धरून ठेवला.

"हा क्रिब समुद्रावर आहे, डिअर. तुला हवा तो आमच्या माळ्यावर आहे. आत्ता काढते."

अनघाचे डोळे भरून आले. माझ्याकडे वळून ती मराठीत म्हणाली, "तिकिटं राहू दे. आणि आजींना शिडीवर चढू देऊ नकोस. तू चढ."