पाणी सुटल्याचं वैयक्तिक मत

आमच्या गल्लीला नळाचं पाणी सोडणारा माणूस व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर राजकारण असं लिहितो, जणू आत्ताच डोळ्यानं बघून आलाय: “सरकार पडणार म्हंजे पडणार.” एकदा कुणीतरी त्याला दटावलं, “मत असंल तर मत म्हणून लिहा.” तेव्हापासून सरकार तसंच ठणकावून पडतं, फक्त नळाच्या बातमीखाली तो लिहितो, “पाणी सोडलंय. हे माझं वैयक्तिक मत आहे.”

परवा आठवड्यानं पाणी आलं आणि ग्रुपवर वाद पेटला. लोकांनी नळ न उघडताच त्याच्या मताला विरोध नोंदवला. माझी घागर अर्धी भरली न् धार तुटली. तशीच घेऊन पळत चौकात गेलो. हा पठ्ठ्या व्हॉल्व्ह आवळत होता.

“अहो, पाणी येत होतं की!”

त्यानं घागरीत डोकावून बघितलं.

“ते तुमचं मत झालं,” व्हॉल्व्हची लांब किल्ली खांद्यावर टाकत तो म्हणाला. “ग्रुपवर लई जण न्हाय म्हणलेत.”