बाटलीतला मासा

माझ्या सासऱ्यांच्या मते ड्रॉइंग मास्तर म्हणजे दुसरा कुठलाच विषय येत नाही म्हणून शाळेने हातात खडू देऊन गप्प बसवलेला माणूस.

मी सौसरला शाळेत चित्रकला शिकवायचो आणि सासरे, म्हणजे आमचे मामाजी, पांढुर्ण्यात संत्र्यांचे व्यापारी. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. त्यांनी नवं गोदाम बांधलं होतं आणि त्याच्या दर्शनी भिंतीवर संत्र्याचं भलंमोठं झाड रंगवून घ्यायचं ठरलं होतं. ते झाड मला काढायचं होतं. (गाव ते बघणार, कोपऱ्यात माझं नाव असणार, आणि सासरवाडीत माझी एकदाची माणसांत गणना होणार.) म्हणून उन्हाळ्याची सुटी लागताच बायकोला घेऊन मी पांढुर्ण्यात तळ ठोकला.

त्याच सुमारास माझा मेहुणा आला. तो जहाजावर नोकरीला. येताना त्यानं मामाजींसाठी हाँगकाँगहून तपकिरीची चिनी बाटली आणली. बाटली अंगठ्याएवढी, पण चित्र काचेच्या आतून काढलेलं! लाल मासा, दोन कमळं, आणि बाटलीचं तोंड एवढंसं की करंगळीचं टोकही जाऊ नये. आळी लोटली. चित्र आत गेलं कसं, यावर तर्क सुरू झाले. मी घसा खाकरून सांगितलं, "काच आधी सपाट असते. चित्र काढून झालं की पोळीसारखी गुंडाळतात."

"नाही भाऊजी," मेहुणा म्हणाला, "वाकड्या काडीनं आतूनच काढतात. अन् सारं उलटं. पयले माशाचा डोळा, मंग मासा, मागचं पाणी सगळ्यात शेवटी..."

मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. जहाजावरच्या माणसानं ड्रॉइंग मास्तरला चित्र शिकवावं?

मेहुणा परत गेला आणि मामाजींनी बाटलीत तपकीर भरली. सासूबाईंनी विरोध करून पाहिला. "तपकिरीची बाटली हाय तं तपकीरच भरन ना," मामाजी म्हणाले, "का हळद भरू?" बघता बघता आतून तपकिरीचा थर बसला आणि मासा दिसेनासा झाला.

एका दुपारी मामाजी हळहळत म्हणाले, "संध्याकाळी लोधीखेड्याचे शेटजी येऊन राहिले. गोदामात त्यायची भागीदारी हाय. तुमच्या झाडाचंही त्यायलेच इचारतो. पण मासा दाखवाचा होता, तं मासाच नाही दिसून राहिला."

"द्या इकडे," मी म्हणालो. "कलेची वस्तू कलावंतानंच साफ करावी."

मामाजी वामकुक्षीला गेले. बारीक तोंडाची बाटली कशी धुवायची हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. तेलाची बाटली धुतात तशी. आत वाळू घालायची, गरम पाणी ओतायचं आणि खळखळवायचं. मी जाम नदीची बारीक वाळू घातली आणि मनापासून खळखळवलं. आधी तपकिरी पाणी आलं. मग गुलाबी आलं. मग हिरवं आलं. शेवटी अगदी स्वच्छ पाणी आलं आणि बाटली लख्ख झाली. आत मासा नव्हता, कमळं नव्हती, काहीच नव्हतं.

पण मी कलावंत. बायकोच्या केसांतला आकडा वाकवला, टोकाला कापूस गुंडाळला, पेटीतले रंग काढले आणि बसलो. आधी मागचं रंगवा, मग पुढचं, असं मी वर्गात पोरांना कान पिळून शिकवलेलं. त्या शिस्तीनं मागच्या काचेतून आत बघत समोरच्या काचेवर निळंशार पाणी फासलं. त्यावर मासा काढला. खवला न् खवला! आयुष्यात तसा मासा मी पुन्हा काढला नाही. मग चित्राची पाठ उघडी बरी दिसत नाही म्हणून मागची काचही निळी करून टाकली आणि कौतुकानं बाटली फिरवली.

इकडून निळं. तिकडूनही निळं.

बायको डोकावली. "मासा कुठं हाय?"

"निळ्याच्या मागं."

"मंग तो तिथं काय करून राहिला?"

मेहुण्याचं बोलणं तेव्हा मला समजलं, पण तो भर समुद्रात होता आणि शेटजी दारात. पुन्हा धुवायला वेळ नव्हता. मी मनात वाक्य जुळवून ठेवलं. चिनी माल, रंग उडाला, भरोसा नाही.

चहा झाला. मामाजींनी बाटली शेटजींच्या तळहातावर ठेवली. "पाहा जी, आतून काढला मासा. अख्ख्या जिल्ह्यात कोणाजवळ नाही."

शेटजींनी बाटली उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली. सोबत आलेली माणसं त्यांच्या तोंडाकडं बघत होती. "वा," शेटजी म्हणाले, "मासा म्हणजे मासाच हाय."

मग सोबतच्यांनाही दिसला. एकाला शेपटी दिसली, एकाला कल्ले. सासूबाईंनी पाहुण्यांचं मन मोडू नये म्हणून दोन मासे पाहिले. मी मात्र तयार ठेवलेलं वाक्य गिळू शकलो नाही.

"मामाजी, मले तर मासा दिसून नाही राहिला. चिनी माल, रंग उडाला असन."

मामाजींनी बाटली डोळ्याला लावली. "उडाला कसा? हा काय डोळा."

"मास्तरले हातातला मासा दिसत नाही," शेटजी हळूच म्हणाले, "तं भिंतीवर झाड काय काढतीन? आमच्या गावचा पेंटर पाठवतो."

झाड गेलं. मला रडू यायचं बाकी होतं. तिथला एकमेव खरा मासा मी काढलेला, आणि तो न दिसणारा माणूसही मीच.

मामाजी मनानं चांगले. दुसऱ्याच दिवशी मला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेले. तपासणीत नंबर काही निघाला नाही. "मंग बिननंबरचा द्या," मामाजी दुकानदाराला म्हणाले, "काही तं फरक पडन." चष्मा माझ्या नाकावर बसवून त्यांनी तिथंच खिशातून बाटली काढली.

"आता दिसते का?"

मी साध्या काचेतून निळ्या काचेकडं पाहिलं आणि जे मनात होतं ते बोलून गेलो. "दिसते मामाजी. काय मासा काढला हाय! काढणारा मोठाच कलावंत असला पायजे."

"असनच ना," मामाजी म्हणाले. "तो काय शाळेत ड्रॉइंग शिकवते?"