रुईच्या पानाखालचा कोष

पिंपरीत कारखान्यात कामाला लागलो तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. गाव लांब कोकणात, शाळा चौथीतच सुटलेली. नदीकडच्या आळीत एका म्हाताऱ्या मावशींनी मागची खोली दिली, वर दोन्ही वेळा जेवायला बसवलं. हे कधी संपेल, याची मला सारखी धास्ती.

परसात रुईचं झाड होतं. त्यावर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची एक अळी पानं कुरतडायची. कामावरून आलो की आधी तिला बघायचं. पुढं ती पानाखाली उलटी लटकली आणि तिचा हिरवा कोष झाला, वर सोनेरी ठिपके. शुक्रवारी तो काळपट पडला. आतले नारिंगी पंख दिसू लागले.

शनिवारी पाळी संपवून आलो तर पानच नाही. मावशी दर शनिवारी मारुतीला रुईची माळ घालत. नजर अधू, कोषासकट पान ओवलं गेलेलं. देवळात धावलो. मारुतीच्या छातीवर कोष लोंबत होता. देवाच्या गळ्यातलं काढणार कसं?

गुरव म्हणाला, "माळ उद्या सकाळी उतरणार, मग नदीत."

उद्या सकाळी माझी पाळी. आम्हाला रविवारची सुट्टी नव्हती.

मावशींना सांगायचं, म्हणजे तुम्ही देवाला किडा वाहिलात असं तोंडावर म्हणायचं. खोली सोड म्हणाल्या तर जाऊ कुठं? रात्री घास तोंडात फिरत राहिला.

"काय रं, मीठ कमी हाय का?"

सांगून टाकलं.

"मारुतीला दिसत न्हाई व्हय? त्यानं ठेवून घेतलाय न्हवं. सकाळी मी जाते. तू खा."

रविवारी यंत्रापुढं उभा होतो खरा. मावशींना उशीर झाला असेल, गुरवानं माळ सोडलीही असेल. फोरमन दोनदा खेकसला. सुटल्यावर घरापर्यंत पळतच आलो.

पान तुळशीच्या कट्ट्यावर होतं. कोष रिकामा, कांद्याच्या पापुद्र्यासारखा.

"गेलं, मावशी?"

"तर. जागा दिली, पर जेवायला थांबलं न्हाई."

"पंख नीट उघडले होते?"

"उघडल्याबिगर उडलं व्हय? आधी वलं व्हतं, माझ्या पदरावर बसलं. मी हालले न्हाई. तवर चुलीवर आमटी करपली. बस आता, तीच खायची हाय."