सासऱ्यांसाठी मागणं
डेटॉलचा वास आला की केजमधल्या आमच्या पत्र्याच्या खोलीतली ती दुपार आठवते. कॅन्सरनं खंगलेल्या सासऱ्यांच्या पाठीवरच्या जखमा मी पुसत होते आणि ते लेकरासारखे कण्हत होते. वर्षभर मी त्यांना बरं कर म्हणून प्रार्थना केली होती, त्या दिवशी मात्र तोंडून निघून गेलं, "प्रभू, आता यांना ने." त्यांनी ते ऐकलं. शरमेनं मला रडू फुटलं. ते म्हणाले, "रडू नको, माय. मी बी लई दिवसांपासून तेच मागतोय. दोघांनी मिळून मागू, मंग त्यो ऐकंल." माझा हात धरून त्यांनी प्रार्थना केली आणि माझ्या आमेनची वाट पाहिली. मला ते म्हणवलं नाही. पुढे तीन महिने ते तसेच तळमळले. तेव्हा मी आमेन म्हणायला हवं होतं का, हे आजही मी देवाला विचारते.