दादाला आईच्या सुरात हाक

लॉकडाऊनमध्ये डीमन नावाच्या डच गावातल्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच अडकलो. मी बार्शीचा, मास्टर्सला आलेला. तो कोरियन, पीएचडीवाला. पहिल्याच दिवशी त्यानं माझं वय विचारलं.

"का रे, स्थळ आणलंयस का?" मी म्हटलं.

गडी गंभीर. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा निघाला. म्हणाला, "मग मला नावानं हाक मारू नकोस."

"मग काय, शुक शुक करू?"

"ह्यंग म्हण. म्हणजे मोठा भाऊ."

"त्यापेक्षा दादा म्हणतो. आमच्याकडं रिक्षावाल्यालाही म्हणतात, तुला म्हणायला काय जातंय."

तेव्हापासून तो दादा. म्हणून त्याचं नाव मी इथंही लिहिणार नाही. आडनाव चालेल. किम. त्याच्या वर्गात निम्मे किमच होते म्हणे.

"अख्खा देश भाऊबंद आहे का तुमचा?"

"नाही. प्रत्येक किम घराण्याचं मूळ गाव वेगळं. आमचं दक्षिणेकडचं."

"म्हणजे कुलदैवत वेगळं. कळलं."

त्याच्या नावात अक्षरं दोनच. पहिलं सगळ्या चुलतभावांमध्ये सारखं, घराण्यात ठरलेलं. दुसरं तेवढं त्याचं एकट्याचं. आणि त्याचा डच प्रोफेसर व्हिडिओ कॉलवर त्याला नेमक्या पहिल्या अक्षरानं हाक मारायचा. दुसरं त्याला मधलं नाव वाटायचं!

"तुझा कुठलाही चुलतभाऊ ओ देईल की रे," मी म्हटलं. दादा हसला, पण प्रोफेसरला काही बोलला नाही.

पूर्ण नाव घ्यायची ती त्याची आई. रोज दुपारी, आमच्या जेवणाच्या वेळेला, तिचा कॉल. आधी नाव, त्याच्या शेपटाला एक लांब 'आ', खालून वर जाणारा, आणि श्वास न घेता, "बाम मगस्सो?" म्हणजे जेवलास का. माझी आई तिकडून हेच विचारायची, फक्त 'मेल्या' जोडून.

शाळेत हेडसरांपासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांच्या नकला करून मी मार खाल्लेला. हा सूर मला लगेच बसला. एकदा भांडी घासता घासता सोडला. दादा अंगाला साबण तसाच, टॉवेल गुंडाळून मोबाइल शोधत धावत आला. मी हसून हसून ओट्यावर आडवा.

"परत असं करायचं नाही," तो म्हणाला. "तू लहान आहेस."

"नाव तर तुझंच घेतलं ना?"

"नाव माझं. हाक तिची आहे."

मी चक्क माफी मागितली. माझ्या बाबतीत हे क्वचित होतं.

पुढच्या हिवाळ्यात त्याच्या आईला कोविड झाला. ती हॉस्पिटलमध्ये, ऑक्सिजनवर. बोलायची ताकद नाही. बहिणीचा तेवढा मेसेज यायचा. दादा गेला असता तरी त्याला आत कोण सोडणार होतं? तो खोलीचं दार लावून बसला. मी दाराशी ताट ठेवायचो, वरण-भात आणि वर त्याची किमची, म्हणजे कोबीचं आंबट-तिखट लोणचं. ताट तसंच परत. मी प्रोफेसरची नक्कल केली, समोरच्या बाल्कनीतून कुत्र्यावर डचमध्ये खेकसणाऱ्या आजीची केली. आतून फक्त, "नंतर खातो."

अशाच एका दुपारी, तिच्या कॉलच्या वेळेला, मी दारापुढं उभा राहिलो. हा आता मारणार, अशी तयारी ठेवली. डोळे मिटले आणि सूर लावला. नाव, लांब 'आ', "बाम मगस्सो?"

मग दार उघडलं. त्याचे डोळे लालभडक.

"शेवट चुकला," तो म्हणाला. "शेवटी ती जरा रागावते. परत म्हण."

मी परत म्हटलं, जरा रागावून. तो उंबऱ्यातच बसला आणि ताट पुढ्यात ओढलं.

"थांब, वरण गार झालंय, गरम करून देतो."

त्यानं नुसती नकारार्थी मान हलवली. तोंडात घास होता.

मग रोज दुपारी मी एकदा त्याची आई व्हायचो. ताट रिकामं झालं की परत "दादा, भांडी तुझी."

आई बरी होऊन घरी आली. पहिल्या कॉलवर आवाज पार घोगरा. नाव घेता घेता खोकला आला, 'आ' अर्ध्यातच तुटला. दादानं तिला भराभरा काहीतरी सांगितलं आणि कॅमेरा माझ्याकडं वळवला.

"कर."

"आईसमोर? वेड लागलंय का?"

"कर रे."

केलं. ती तोंडावर हात ठेवून हसली, खोकली, परत हसली. मग दादाला काहीतरी विचारलं.

"तुला घरी काय म्हणतात, विचारतेय."

सांगितलं. तेही इथं लिहीत नाही, मित्र वाचतील. तिनं ते दोनदा पुटपुटून पाहिलं. मग त्या फाटक्या आवाजात माझी हाक आली, शेवटी लांब 'आ' लावून, जरा रागावून.

"बाम मगस्सो?"

मी जोरात होकारार्थी मान हलवली. पण दादानं शेजारून लगेच चुगली केली, "नाही जेवला अजून."