केबल वर, कार्ड खाली आणि मेमो नानांना

माझी पहिली ओळख झाली ती सुकदेव नानांच्या पाठीशी. धुळ्यातल्या आमच्या कॉलेजात अॅनिमेशनच्या लॅबचा पहिला दिवस होता. मी ओरडलो, "नाना, पीसी अडकतोय!" लॅब परिचर असलेले नाना स्क्रीनकडे न बघताच टेबलामागे वाकले.

"तोंड काय देखस? पाठ देख."

त्यांनी पीसीचा डबा फिरवला. मागे केबल लावायची तोंडं. वरचं तोंड मदरबोर्डचं, खालची आडवी तोंडं नव्या ग्राफिक्स कार्डाची. स्क्रीनची केबल वर लावलेली होती.

"कार्ड आठे झोपेल शे. सगळं काम बोर्डच करस."

"मग खाली लावा ना."

"तूच लाव. बसस का देख."

बसेना. स्क्रीन जुने, त्यांची पिन निळी, आणि नव्या कार्डाला तसं तोंडच नाही. मधे एक छोटा कन्व्हर्टर हवा होता. कार्डं मागवणाऱ्यांनी स्क्रीन कुठले आहेत हे बघितलंच नव्हतं. नानांनी तीन अर्ज दिले. प्रत्येक वेळी ऑफिसातून एकच उत्तर आलं, "चित्र दिसतं ना? मग झालं." तपासणीला आलेल्यांनी कार्डं मोजली आणि चहा घेतला. मागे कुणी वाकलं नाही.

नानांची कामाची रीत सांगायची तर एवढीच: दोष सापडेपर्यंत ते कुणाला दोष देत नसत. आमच्या वर्गातल्या एका मुलीचं प्रोजेक्ट उघडेना, तेव्हा त्यांनी घरून स्वतःचा कन्व्हर्टर आणला, कार्डावर लावला, आणि तेच प्रोजेक्ट सुरळीत चाललं. तिचं काम संपेपर्यंत नाना जेवायला गेले नाहीत. हे मी शेजारी बसून बघितलंय.

आणि तरी पुढचं मीच केलं.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत एकामागून एक मशीनं अडकली. निम्मा वर्ग नापास. आमचे विभागप्रमुख सर म्हणाले, "फेरपरीक्षा मिळेल. तक्रार लिहा. पण कुणाचं तरी नाव लागतं." वर्गात माझं मराठी चांगलं, म्हणून पेन माझ्याकडे आलं. 'परिचरांच्या अक्षम्य निष्काळजीपणामुळे' हे शब्द माझे आहेत. खरं कारण मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

नानांना मेमो मिळाला आणि त्यानंतर आठवड्याभरात कन्व्हर्टर आले. ते सगळे नानांनीच बसवले, माझ्या मशीनलासुद्धा. मी पास झालो. नानांच्या सेवापुस्तकात मेमो राहिला. बढतीची वेळ आली की तेच पान उघडायचं. नाना साठीला आले, परिचरच राहिले.

नानांच्या निवृत्तीनिमित्त निघणाऱ्या या गौरव अंकासाठी माहिती घ्यायला मी देवपूरला त्यांच्या घरी गेलो. सगळं कबूल करायचं ठरवून गेलो होतो. नानांनी मधेच थांबवलं.

"माले म्हाइत शे. तुना अर्ज वाचाले देल व्हता त्यास्नी. भाषा भारी व्हती रे तुनी."

यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. चहा ठेवता ठेवता नानांच्या पत्नी, अक्का, मात्र म्हणाल्या, "बठ्ठा लोके गौरव करी ऱ्हायनात. तो मेमो कोन काढी?"

संपादक मंडळाने मला गोड लिहायला सांगितलंय. ज्यांनी त्या मेमोवर सही केली, त्यांचाही शुभेच्छा संदेश या अंकात आहे म्हणे. असू दे. मी कॉलेजला लेखी कळवलंय की ती तक्रार खोटी होती, ती मी लिहिली, आणि नानांचे निवृत्तीचे कागद पुढे जाण्याआधी तो मेमो रद्द करावा. अजून उत्तर नाही. म्हणून तेच इथेही लिहितोय, चार लोकांसमोर. संपादकांनी यातली एकही ओळ कापू नये.

नाना, तुम्हाला ठणठणीत तब्येत मिळो आणि भरपूर आयुष्य मिळो. इतकं भरपूर, की तो मेमो रद्द करायला वेळ मिळाला नाही, असं ऑफिसातल्या कुणाला कधी म्हणताच येऊ नये.